रामकुंड ते मूळगंगा: पायी वाटचालीच्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५

हरिपाठ मंडळात बरेच दिवस नुसतं बोलणं चाललं होतं, आज वहीत उतरवलं. नाशिकच्या रामकुंडावरून निघायचं, गंगेचा, म्हणजे आपल्या गोदावरीचा, काठ धरून वर वर जायचं आणि त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, तिच्या उगमाशी, मूळगंगेशी थांबायचं. तीन दिवस, दोन मुक्काम. जिच्या काठी आपण आयुष्य काढलं, घरातल्या माणसांचे दशक्रिया विधी जिच्यावर केले, कार्तिकात दिवे जिच्या पाण्यात सोडले, ती येते कुठून हे गाडीत बसून नाही, पायांनी बघायचं.

तारखेवर फार चर्चा झाली नाही. माघ शुद्ध दशमी हा गोदावरीचा जन्मदिवस मानतात. या वेळी ती २८ जानेवारीला, बुधवारी येते. दशमीला दुपारी मूळगंगेवर असायचं तर निघायचं २६ जानेवारीला. सोमवार आणि प्रजासत्ताक दिनाची सुट्टी, त्यामुळे नोकरदारांना दोनच रजा टाकाव्या लागतील. श्रावणात जाऊ म्हणणारेही होते. श्रावणात डोंगर देखणा असतो यात वाद नाही, पण पायऱ्यांवर शेवाळ, वर धुकं, आणि तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांची रीघ. आमच्या माणसांना थंडीच मानवेल.

बावीस नावं आली आहेत. सगळ्यात लहान अकरावीतला पुतण्या, सगळ्यात मोठी माझी आत्या, वय ७२, डावा गुडघा दुखरा. मोठे दीर म्हणाले, "रामकुंड ते त्र्यंबक २८ किलोमीटर. एका दिवसात होतं." होतं, नक्की होतं. श्रावणी सोमवारी रात्री नाशिकहून निघून पहाटे त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर पोचणारी पोरं आहेतच. पण मी दिवसभर नकाशे काढण्याचं काम करते आणि मला ठाऊक आहे की कागदावरच्या अंतराला ना चढ असतो ना गुडघा. म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवते: आखणी किलोमीटरवर करायची नाही, तासांवर करायची. आणि तास धरायचे ते सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाचे. मुक्काम, जेवण, टेम्पो, बाकी सगळं त्यातून ठरेल.

१६ नोव्हेंबर

वाटा दोन आहेत.

एक सरळ त्र्यंबक रस्त्याने: सातपूर, बेळगाव ढगा, महिरावणी, अंजनेरी, पेगलवाडी. हॉटेलं आहेत, दवाखाने आहेत, सिटीलिंकच्या बस आहेत. कुणाला बरं वाटेना तर थांब्यावर बसवून परत पाठवता येईल. पण २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्याची कामं चालू आहेत, डंपर आणि खडीची धूळ. शिवाय त्या रस्त्यावरून गंगा दिसत नाही. जिला भेटायला निघालो तिच्याकडे पाठ करून चालण्यात मला अर्थ वाटत नाही.

दुसरी वाट गंगापूर रस्त्याने: आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव, गोवर्धन, सावरगाव, मग धरणाच्या फुगवट्याच्या दक्षिण अंगाने बेझ्याकडे, चक्रतीर्थ, आणि तिथून त्र्यंबक. वळसा पडतो. बस कमी, दुकानं कमी, सावलीचीही मध्येमध्ये बोंब. तरी ही घेतली. सोयीची जी कमी आहे ती आपण टेम्पोने भरून काढू शकतो, नदीची कमी भरून काढता येत नाही.

या वाटेचा आणखी एक फायदा पोरांसाठी आहे. जानेवारीत रामकुंडात जे पाणी असतं ते गंगापूर धरणातून किती सोडलंय त्यावर असतं. आपल्या नळाला येणारं पाणीही मुख्यतः तिथलंच. धरणाच्या भिंतीखालून चालत वर गेलं की पलीकडे दिसतो तो एवढा मोठा साठा, आणि त्याच्याही पलीकडे, क्षितिजाशी, अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे कडे. सगळं पाणी त्या भिंतीसारख्या डोंगरांवर पडलेलं. हे एकदा डोळ्यांनी जोडलं की वेगळं शिकवावं लागत नाही.

२३ नोव्हेंबर

जाऊबाई आणि मी पाहणीला गेलो. सावरगावपर्यंत स्कूटरवर, पुढे बराचसा भाग पायी.

पहिल्या मुक्कामासाठी सावरगावच्या पुढच्या एका वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा बघितली. दोन वर्गखोल्या, पुढे ओटा, अंगणात हातपंप. पंप मी स्वतः हापसून बघितला. सुरुवातीला नुसती हवा ओढतो, मग गढूळ पाणी, आणि बादली अर्धी झाली की स्वच्छ. म्हणजे सकाळी बावीस जण रांगेत उभे राहण्याआधी कुणीतरी जाऊन तो चालू करून ठेवायला हवा. स्वच्छतागृहं दोन आहेत, मुलींचं आणि मुलांचं, दारं धड आहेत, आतून कडी लागते, पण नळाला पाणी नाही. दोन पिंपं भरून ठेवली की काम होईल. हे सगळं बारकाईने लिहिते आहे कारण आमच्यात चौदा बायका आहेत. बायकांना आडोशाची खात्री नसली की त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग दुपारी चक्कर येते, पायात गोळे येतात. पाण्याच्या नियोजनाची सुरुवात स्वच्छतागृहापासून होते हे कुणीतरी स्पष्ट लिहायला हवं.

गुरुजी भले भेटले. २६ ला सकाळी झेंडावंदन आणि मुलांचे कार्यक्रम, ते दहा-साडेदहाला संपतात. त्यानंतर खोल्या मोकळ्या. २७ ला शाळा भरायच्या आधी झाडून, पुसून, फळ्यावर काही न लिहिता बाहेर पडायचं, ही त्यांची अट. रास्त आहे. शाळा व्यवस्थापन समितीला पत्र द्यायचं ठरलं. खडूंची पेटी आणि दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या आम्ही देणार, भाडं म्हणून नाही.

पुढे बेझे आणि चक्रतीर्थ. इथे थोडा वेळ बसलो. नुसतं बघितलं तर डोंगराच्या पायथ्याशी असलेला एक डोह. पण गौतमांच्या कथेत याला मान आहे. गौतम ऋषींच्या तपामुळे गंगा ब्रह्मगिरीवर प्रकटली, पुन्हा गुप्त झाली, गंगाद्वारी दिसली, पुन्हा दिसेनाशी झाली. शेवटी त्यांनी कुशाचा वेढा घालून तिला अडवलं, तेच कुशावर्त. तिथूनही ती जमिनीखाली उतरते आणि चक्रतीर्थाला वर येते. इथून पुढे मात्र ती नदीसारखी वाहताना दिसते.

जाऊबाई शाळेत भूगोल शिकवतात. त्या म्हणाल्या, कथा आणि खडक एकच गोष्ट सांगतात. सह्याद्री लाव्हाच्या थरावर थर बसून झालेला. पाऊस वरच्या कातळाच्या भेगांतून मुरतो, खाली घट्ट थर लागला की आडवा सरकतो, आणि तो थर कड्याला जिथे उघडा पडतो तिथून पाझरतो. मग पुन्हा दगडगोट्यांत शिरतो, पुन्हा खाली कुठेतरी निघतो. प्रकट, गुप्त, प्रकट. दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीला हे त्यांनीच सगळ्यांना सांगायचं, डोहाशी बसून.

डोहात कुणी उतरायचं नाही. कडेचा दगड निसरडा आहे आणि खोली दिसत नाही. लोट्याने पाणी घ्यायचं, बस.

३० नोव्हेंबर

आत्याला घेऊन गोदापार्कवर चालून आले, घड्याळ लावून. पहिल्या तासात ३ किलोमीटर, दुसऱ्यात अडीचच्या जरा वर. बसून उठल्यावर पहिली दहा मिनिटं गुडघा धरतो, मग मोकळा होतो. म्हणजे लांब विश्रांती तिला सोसत नाही. थोडं थोडं पण वारंवार थांबायला हवं.

त्यावरून हिशेब: पहिला दिवस १६-१७ किलोमीटर, चालण्याचे सहा तास, थांबण्याचे अडीच. सातला निघालो तर साडेतीन-चारला शाळेत. दुसरा दिवस १८ च्या आसपास, संध्याकाळी पाचपर्यंत त्र्यंबक. दिवस मावळायच्या आत दोन्हीकडे पोचतो.

७ डिसेंबर

ब्रह्मगिरी. हा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर.

ब्रह्मगिरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९५ मीटर. त्र्यंबक गावच मुळात उंचावर वसलेलं आहे, त्यामुळे पायथ्यापासून प्रत्यक्ष चढ साडेपाचशे मीटरच्या घरात. आकडा ऐकून कुणी घाबरत नाही. घाबरवतात त्या पायऱ्या. गावातून निघाल्यावर सुरुवातीच्या पायऱ्या बांधीव, रुंद, पाय पुरता टेकतो. गंगाद्वारचा फाटा सोडून वर गेलं, जुनी दगडी धर्मशाळा मागे पडली की कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. टेप घेऊन गेले होते, दर थोड्या अंतरावर मापत गेले. घराच्या जिन्याची पायरी सहा-साडेसहा इंचांची असते. इथे नऊ, दहा, मध्येच एखादी बारा. सगळ्या सारख्या असत्या तर शरीर लय पकडतं. या असमान आहेत, म्हणून प्रत्येक पायरीला बघून पाय टाकावा लागतो, आणि दमणूक खरी त्या बघण्याची होते. काही पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात. इतक्या पिढ्यांचे पाय. मी अशा एका पायरीवर तळवा ठेवून बघितला, कातळ आरशासारखा गुळगुळीत. उतरताना त्याच पायऱ्या घसरवणार, म्हणून तिथे कडेने पाय टाकायचा.

एक बाजू कड्याची, दुसरी दरीची. कठडे आहेत, पण कठड्यावर माकडं आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी दिसली की झडप घालतात. त्यामुळे नियम: हातात काठीशिवाय काही नाही, खाऊ पाठीवरच्या बंद सॅकमध्ये, पाण्याची बाटलीही आत. माकडांना काही द्यायचं नाही. पुण्य म्हणून दिलेल्या एका केळ्याने पुढच्या म्हातारीची पिशवी जाते.

माथ्यावर वारा जोराचा. पठारावरून मूळगंगेकडे चालत गेलं की उजाड गवतात एकदम मंदिर दिसतं. औदुंबराच्या मुळाशी पाणी प्रकटतं ते हे ठिकाण. पुढे जटामंदिर, जिथे शंकराने जटा आपटल्या असं सांगतात. माथ्यावर उभं राहून मला एकच गोष्ट मनाला लागली: या पाण्याला पूर्वेच्या समुद्रापर्यंत १,४६५ किलोमीटर जायचंय, आणि याच डोंगररांगेतून निघणारी वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. पाऊस कुठल्या उतारावर पडला त्यावर सगळं. हे मी तिकडे गेल्यावर सगळ्यांना दाखवणार आहे.

वेळेचा हिशेब: मी न रेंगाळता दोन तासांत वर गेले. आत्यासाठी चार धरते, वर अर्धा तास राखीव. पायथा सातला सोडला तर साडेअकरा. गंगेचा जन्म मध्यान्हीचा मानतात, बाराची आरती गाठता येईल. दुपारी एकपर्यंत जो जिथे असेल तिथून मागे फिरेल, मूळगंगा समोर दिसत असली तरी. दीडला माथा सोडायचा. उतरायला चढण्याइतकाच वेळ धरायचा, कमी नाही. साडेपाचला खाली, सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास. अंधारात त्या पायऱ्यांवर एकही माणूस नको.

दुर्गभांडार या वेळी नाही. ती कातळाची चिंचोळी वाट आहे आणि आमचा तो विषय नाही.

२१ डिसेंबर

पांडवलेण्यावर सराव, सगळ्यांचा. चढताना हसत-बोलत गेलेले उतरताना गप्प झाले. चढण दम काढते, उतरण गुडघे काढते. उतरताना अंगाचा सगळा भार पुढच्या पायावर आदळतो. त्यामुळे आजपासून काठीची सवय. बांबूच्या काठ्या, खाली रबरी बूच, उंची कोपरापर्यंत. उतरताना आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना आधी चांगला. आत्याच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, आणि नी-कॅप रोज संध्याकाळी काढून ठेवायला सांगितली.

नवे बूट कुणी घ्यायचे नाहीत. घ्यायचेच असतील तर याच आठवड्यात, आणि रोज घालून. सुती मोज्यांचे तीन जोड.

आत्याने आज मला बाजूला घेतलं. म्हणाली, "पोरी, माझ्यापायी कुणाचं अडायला नको. आणि मला वर न्यायचंच म्हणून कुणी उचलायचंही नाही. कुशावर्तही तीच, गंगाद्वारही तीच. जिथे पाय थांबतील तिथे मी हात जोडीन." मी हे तिच्याच शब्दांत लिहून ठेवलं, कारण तिसऱ्या दिवशीची आखणी यावर सुटते. तीन थांबे ठरले: फाट्यावरून गंगाद्वार, दगडी धर्मशाळा, मूळगंगा. प्रत्येक थांब्याला आपलं एक माणूस, फोन, पाणी आणि ओआरएस घेऊन. जो थांबेल त्याची वाटचाल तिथे पूर्ण झाली, अर्धवट राहिली असं कुणी म्हणायचं नाही.

२८ डिसेंबर

खर्च. टेम्पो, छोटा हत्ती, तीन दिवसांसाठी ठरला, चालक ओळखीचा. धान्य, गॅस, भांडी मंडळाची. त्र्यंबकच्या धर्मशाळेत तीन खोल्या आणि एक हॉल. सगळ्यांकडून सारखी वर्गणी, पुतण्यासारख्या शिकणाऱ्या पोरांकडून निम्मी.

४ जानेवारी २०२६

तरुण मंडळींनी अंजनेरीचा आग्रह धरला. हनुमानाचं जन्मस्थान, वाटेच्या बाजूलाच, मग सोडायचं कसं? त्यांचं म्हणणं मनापासून होतं, म्हणून नीट उत्तर दिलं. अंजनेरी ही स्वतंत्र दिवसाची चढाई आहे. गावातल्या जुन्या जैन मंदिरांचे अवशेष, घळीतल्या पायऱ्या, अंजनी मातेचं मंदिर, पठारावरचा तलाव आणि वर पुन्हा एक टप्पा. दुसऱ्या दिवशी ती घुसवली तर तिसऱ्या दिवशीचे पाय तिथेच संपतील. शिवाय ते राखीव संवर्धन क्षेत्र आहे, गिधाडांचं घर आहे, आणि त्या डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची दुर्मिळ जात तिथे आहे. तिथे सावकाश, डोळे उघडे ठेवून जावं. वाटेत उरकून टाकू नये. फुलांसाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वेगळं जाऊ. पटलं.

याच बैठकीत बिबट्याचा विषय निघाला. गंगापूर, गोवर्धन पट्ट्यात मळे आणि झाडोरा आहे, भीती खोटी नाही. पहाटे अंधारात निघायचं नाही, एकेकटं मागे राहायचं नाही, शौचालाही जोडीने आणि विजेरी घेऊन. भजन म्हणत चालणारा घोळका हीच उत्तम राखण. शेकोटी मुक्कामाच्या अंगणातच, डोंगरावर काडी पेटवायची नाही. जानेवारीत गवत वाळलेलं असतं आणि वणवा एका ठिणगीने लागतो. धुराने आग्या मोहोळ उठतं ते वेगळंच.

१४ जानेवारी

आज संक्रांत आणि षटतिला एकादशी एकाच दिवशी. निवृत्तिनाथांची यात्रा. दिंड्या कशा चालतात ते बघायला दोन दिवस आधीपासूनच मी त्र्यंबक रस्त्यावर जात होते, आज पेगलवाडीपासून एका दिंडीबरोबर चालत गेले.

जे महिनोन्महिने कागदावर सोडवत होते ते इथे आधीच सुटलेलं आहे. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये विणेकरी, मागे तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका, शेवटी पाण्याचा टँकर आणि सामानाचा ट्रक. पताकेच्या पुढे कुणी जात नाही. चोपदाराचा डोळा मागे असतो, पुढे नाही. मागचं अंतर वाढलं की तो हात वर करतो, अभंग लांबतो, चाल मंदावते, आणि कुणाला थांबवलं असं वाटतही नाही. विसावा ठरलेला, न्याहारी ठरलेली, मुक्काम ठरलेला. एक म्हातारे बाबा सिन्नरकडून चालत आले होते. त्यांना विचारलं, थकत नाही का? "थकतो की. पण चालायचं दिंडीला असतं, मला कुठं?" एवढं बोलून पुन्हा टाळ वाजवायला लागले.

लहान निवृत्ती आईवडील-भावंडांबरोबर याच ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होते, वाघ आडवा आला, सगळे पांगले, आणि ते गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, अशी कथा. वाटचालीत एक जण मागे राहिला आणि त्यातून पुढे सगळा वारकरी संप्रदाय उभा राहिला, हे आज त्या गर्दीत चालताना फार जवळचं वाटलं.

निर्णय: आमच्याकडेही एक पताका. ती आत्याच्या हातात. दमली की तिच्या बरोबरीच्या दोघी आहेत, त्यांच्यातल्या एकीकडे. पताकेच्या पुढे कुणी नाही. पुतण्या चोपदार.

१८ जानेवारी

वेळापत्रक पक्कं.

२६ ला साडेसहाला रामकुंड, सातला प्रस्थान. सोमेश्वरला न्याहारी: दशमी, शेंगदाण्याची चटणी, चहा. पहिले ८ किलोमीटर शहरातलेच, तिथे रांग उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील अशी. बायकांसाठी सोमेश्वरला सोय आहे, पुढची गोवर्धनमध्ये एका ओळखीच्या मळ्यावर, तिसरी शाळेत. दुपारचं जेवण मळ्यावर, टेम्पो तिथे आधी पोचेल. साडेतीन-चारला शाळा. संध्याकाळी हरिपाठ, वस्तीवरच्या मंडळींनाही बोलावलंय. रात्री पिठलं आणि नागलीची भाकरी. भाकरी वस्तीवरच्याच बायका करून देणार, मोबदला ठरवून.

२७ ला साडेसातला शाळा झाडून, पुसून बाहेर. चक्रतीर्थाला न्याहारी आणि जाऊबाईंचं सांगणं. पाचपर्यंत त्र्यंबक, कुशावर्तावर हातपाय धुऊन धर्मशाळा. हरिपाठ निवृत्तिनाथांच्या समाधी मंदिरात. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाची रांग त्या संध्याकाळी लावायची नाही. लांबली तर झोप जाईल. कळसाला नमस्कार, दर्शन २९ ला एकादशीला, जे राहतील त्यांनी. राहणाऱ्यांसाठी भगर-आमटी.

२८ ला सहाला चहा-पोहे, सातला पायथा.

औषधं आत्येभावाकडे. तो औषधाच्या दुकानात कामाला आहे. रक्तदाब आणि साखरेची औषधं ज्याची त्याने दोन भागांत ठेवायची, अर्धी अंगावर, अर्धी टेम्पोत. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड: नाव, रक्तगट, आजार, घरचा नंबर. गरज पडली तर १०८. पाणी स्टीलच्या बाटल्यांत, टेम्पोत दोन जार. थाळ्या आणि पेले घरचे. वाटेत केलेला कचरा एका गोणीत परत नाशिकला. उगमाशी जाऊन नदीत प्लास्टिक सोडून यायचं असेल तर जाऊच नये, हे मी बैठकीत आवाज चढवून बोलले आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

२५ जानेवारी

दोन नावं गळाली, एकीला ताप, एकाला रजा नाही. वीस जण.

थंडी चांगलीच पडलीय. स्वेटर आणि कानटोपी अंगावर, ब्लँकेटं टेम्पोत. टेम्पो सोसायटीच्या दाराशी आजच भरून ठेवला: गॅस, पातेली, जार, गोणी, काठ्या, खडूंची पेटी, दोऱ्या. वरच्या बाजूला औषधांचा डबा, तो सगळ्यात आधी हाताला लागला पाहिजे.

गुरुजींचा फोन आला. किल्ली शाळेसमोरच्या घरी ठेवतील. उद्या झेंडावंदन झालं की पंप ते स्वतः चालू करून ठेवणार आहेत, सांगावं लागलं नाही.

पताका आत्याने कालच धुऊन वाळवली, काठीला नवी दोरी बांधली. काठी जरा उंच होती, कापून तिच्या खांद्याइतकी केली. मोठ्या दिरांनी विचारलं, पताका मागे राहिली तर आम्ही काय करायचं? पुतण्याने उत्तर दिलं, "काका, तुम्ही तिच्या मागे असाल. अभंग म्हणायचा."

उद्या साडेसहाला रामकुंड, गांधी तलावाच्या बाजूला. हजेरी पुतण्या घेईल.